डेलाक्रॉयबाईंचा दगड

तहसील कार्यालयात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते, तेव्हा चिठ्ठी काढायला जवळच्या शाळेतलं एखादं पोर बोलावतात. भांग नीट पाडलेला, गणवेश धुतलेला, आणि बरणीत हात घालताना सगळ्यांकडे बघून ते हसतं. लहान मुलाच्या हाताला लबाडी येत नाही, असा आपला सार्वजनिक विश्वास आहे. निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी निघते. म्हाडाच्या घरांची सोडत, आरटीईच्या प्रवेशांची सोडत. आमच्याकडचा माणूस चिठ्ठीला भीत नाही, तिच्याकडे आशेने बघतो.

म्हणून शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ मी वर्गात वाचायला घेते, तेव्हा पहिली दोन पानं वर्ग निवांत असतो. २७ जूनची सकाळ, स्वच्छ ऊन, तीनशेएक वस्तीचं अमेरिकेतलं खेडं. पोरं दगड गोळा करताहेत; पण पोरं दगड गोळा करतातच. पुरुष पाऊसपाण्याचं, ट्रॅक्टरचं बोलताहेत, बायका काम आवरून आल्यात. जेवणाच्या वेळेआधी सगळं उरकायचं आहे. चिठ्ठ्यांची काळी पेटी वर्षभर कुठेही पडलेली असते, कधी कुणाच्या कोठारात, कधी पोस्टात, कधी किराणा दुकानाच्या फळीवर. पूर्वी म्हणे लाकडाचे तुकडे असत. गाव वाढलं, तसे कागद आले. एवढीच काय ती सुधारणा. हे सगळं चालवणारे समर्स नावाचे गृहस्थ गावातले बाकीचे कार्यक्रमही हौसेने बसवतात. इथे वर्ग हमखास हसतो. प्रत्येक कॉलेजात असे एक सर असतात. स्नेहसंमेलन त्यांच्याकडे, श्रमसंस्कार शिबिर त्यांच्याकडे, परीक्षा विभागही त्यांच्याकडे, आणि त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नसते.

मग हचिन्सन कुटुंबाची चिठ्ठी निघते, घरातल्या पाच जणांनी पुन्हा एकेक कागद उचलायचा असतो. सगळ्यात धाकट्या डेव्हीला ते कळत नाही, म्हणून एक मोठा माणूस त्याला मदत करतो. काळा ठिपका त्याच्या आईच्या, टेसीच्या, कागदावर असतो. त्यानंतरच्या चार-सहा वाक्यांत वर्गातला पंखा ऐकू येतो. पहिल्या पानावर पोरांनी रचलेले दगड कशासाठी होते, ते आता कळतं.

“असं कुठं असतंय व्हय, मॅडम?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं.

हाच प्रश्न ‘न्यूयॉर्कर’च्या वाचकांनीही विचारला होता. कथा २६ जून १९४८च्या अंकात आली आणि त्या उन्हाळ्यात जॅक्सनबाईंना तीनशेच्या वर पत्रं आली. त्यांतली प्रेमाने लिहिलेली तेराच, असं त्यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितलं, आणि तीही बहुतेक मित्रमंडळींची. खुद्द आईने नाराजी कळवली होती. पण मला सगळ्यात लक्षात राहिलेली पत्रं वेगळीच आहेत. हे प्रकार कुठे चालतात, आणि तिथे जाऊन बघता येईल का, अशी विचारणा करणारी पत्रंही त्यांत होती. रागावलेल्या वाचकांपेक्षा मला या चौकशीखोरांची जास्त धास्ती वाटते.

आमच्या अभ्यासक्रमात लघुकथेचा पेपर आहे. काही कथा नेमलेल्या असतात, काही मी झेरॉक्स काढून आणते. डिस्टोपिया म्हटलं की गाईडमध्ये एक तयार उत्तर मिळतं: भविष्यातला दुष्ट समाज, हुकूमशाही सत्ता, व्यक्तिस्वातंत्र्याचा लोप, लेखकाने दिलेला इशारा. पंधरा मार्कांना पुरतं. लहानपणी इसापनीतीच्या शेवटी ‘तात्पर्य’ वाचायची सवय लागलेली असते, ती पदवीपर्यंत सुटत नाही. ‘लॉटरी’चं तात्पर्य म्हणून मुलं लिहितात, अंधश्रद्धा वाईट. हे खरंच आहे, पण तेवढ्यासाठी टेसी मेली नसती तरी चाललं असतं. आणि या गाईडी व्याख्येतलं काहीच त्या गावात नाही. तिथे हुकूमशहा नाही, पोलीस नाही, भविष्यकाळ नाही. आहेत ते शेजारी.

तेव्हा मी प्रश्न बदलते. यातलं कोण तुम्ही असाल? सगळे हात टेसीसाठी वर होतात. एखादा चतुर मुलगा म्हणतो, मी समर्सला अडवलं असतं. डेलाक्रॉयबाईंसाठी एकही हात येत नाही. टेसी उशिरा धावत आली, तेव्हा तिच्याशी हसून बोलणाऱ्या त्या याच. त्या दोघींचं सख्य आहे. शेवटी जमिनीवरून दगड उचलताना त्या इतका मोठा निवडतात, की तो धरायला दोन्ही हात लागतात, आणि वर शेजारणीला घाई करतात. जॅक्सनबाई त्यांच्या मनात काय चाललंय ते सांगत नाहीत. राग आहे, भीती आहे, की मैत्रिणीचं लवकर संपावं म्हणून मोठा दगड? हा शेवटचा तर्क वर्गातल्याच एका मुलीचा. मला तो पुस्तकांत कुठे वाचल्याचं आठवत नाही.

एका वर्षी हा प्रश्न विचारला, तेव्हा कोकणातून शिकायला आलेला एक मुलगा तास संपल्यावर थांबला. त्यांच्या गावात एक घर वाळीत होतं. गावकीने ठरवलेलं. देवळाच्या जागेवरून काहीतरी तंटा होता. त्या घराला दुकानात सामान नाही, लग्नाचं बोलावणं नाही, मयताला माणूस नाही. मला वाटलं, तो आपल्याच घराबद्दल बोलतोय, आणि मी तशा आवाजात काहीतरी विचारलं असावं. तो म्हणाला, “आमचं घर नाही, मॅडम. आम्ही टाकणाऱ्यांत होतो. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी त्याच्याशी बोलत नव्हतो.”

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. त्याआधी २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यावर, जादूटोणाविरोधी कायदा आला. हे मी वर्गात सांगते, कारण ‘असं कुठं असतंय’चं ते सरकारी उत्तर आहे; जे नसतं, त्याविरुद्ध विधिमंडळ कायदे करत बसत नाही. पण त्या मुलाने सांगितलेली गोष्ट कायद्यात मावत नाही. त्याला कुणी धमकावलं नव्हतं. न बोलायला काही करावंच लागत नव्हतं.

कर्ट व्हॉनेगटच्या ‘हॅरिसन बर्जरॉन’पाशी दरवर्षी वेगळीच पंचाईत होते. कथा १९६१ची, काळ २०८१चा. अमेरिकेच्या घटनेला २११, २१२ आणि २१३वी दुरुस्ती झाल्यामुळे सगळे कायद्याने समान झालेत. कुणी कुणापेक्षा हुशार नाही, देखणं नाही, चपळ नाही. जो असेल, त्याच्या गळ्यात शिशाच्या छर्‍यांची पिशवी, चेहऱ्यावर मुखवटा, कानात मिनिटातून दोन-तीनदा कर्कश आवाज करणारं यंत्र. विचार जुळायला लागला की आवाज. (मोबाइल घेऊन वाचायला बसणाऱ्या मुलांना यंत्राचं हे तत्त्व फोडून सांगावं लागत नाही.) वाचून होताच एक हात वर येतो: “मॅडम, ही गोष्ट आरक्षणावरच आहे ना?”

वर्गाचे दोन भाग त्या क्षणी उघड दिसतात. काही चेहरे खुलतात, काही वहीत जातात. प्रश्न विचारणारा वाईट मुलगा नसतो; त्याला खरंच तसं वाटतं, आणि कथा वरवर वाचली तर ती त्याला तसं वाटू देते. हा व्हॉनेगटचा दोष आहे, असं माझं मत आहे. कथा चलाख आहे, पळते झपाझप, पण समानता मागणारा माणूस म्हणजे दुसऱ्याचे पाय बांधू पाहणारा माणूस, हा गैरसमज तिने जगभर पोसला. खुद्द लेखक समाजवादी वळणाचा. २००५ साली कॅन्ससमध्ये शाळांच्या निधीवरून खटला चालू होता, तेव्हा श्रीमंत भागातल्या शाळांना जादा पैसे उभारू द्यावेत, या बाजूने वकिलांनी हीच कथा पुढे केली. म्हाताऱ्या व्हॉनेगटला पत्रकारांनी विचारलं, तर त्याने त्या वकिलांचं वाचन चुकल्याचं सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की कथा बुद्धी आणि कौशल्याबद्दल आहे, आणि श्रीमंती हा त्या दोहोंपैकी कशाचाच पुरावा नव्हे.

हे मी सांगते. पण एकदा माझ्याआधीच एका मुलीने तोंड उघडलं. ती लांबच्या वाडीतून पहाटेच्या एसटीने यायची, एरवी तासाला बोलायची नाही. ती म्हणाली, “गोष्ट सुरू व्हायच्या आधी कुणाच्या गळ्यात किती वजन होतं, ते लेखकाने सांगितलेलंच नाही.” पुढे काही नाही. खाली बसली. विचारणाऱ्या मुलाला राग आला नाही. तो खरोखर विचारात पडला, आणि मग त्याने एक चांगली शंका काढली: आधीची वजनं मोजणार कोण? तिथून पुढचा अर्धा तास मी जवळजवळ गप्प होते.

मला स्वतःला त्या कथेतली चौदा वर्षांच्या हॅरिसनची बंडखोरी फारशी पटत नाही. बेड्या तोडून तो स्वतःला बादशहा म्हणवतो, तिथेच लेखकाने त्याची टिंगल चालवली आहे. खरी कथा सोफ्यावर आहे. आईबाप टीव्ही बघताहेत, पडद्यावर त्यांच्या मुलाला गोळी घातली जाते, आईच्या गालावर पाणी येतं, आणि क्षणात ती का रडली ते ती विसरते. नवरा म्हणतो, वाईट गोष्टी विसराव्यात. इथेही शेजारी आहेतच. पडद्याच्या अलीकडे बसलेले.

रे ब्रॅडबरीची ‘द पेडेस्ट्रियन’ मी एका तासात संपवते. २०५३ साली संध्याकाळी नुसतं चालायला निघालेल्या माणसाला पोलिसांची रिकामी मोटार पकडून नेते. लॉस एंजेलिसमध्ये ब्रॅडबरीला चालताना पोलिसाने हटकलं होतं, त्यातून ती सुचली. शहरातल्या मुलांना ती भिडत असेल; आमच्याकडे रात्री जेवल्यावर बांधावरून चक्कर मारणारं अर्धं गाव असतं, आणि मुली तर म्हणतात की अंधारात एकटं चालायला निघालं की हटकणारे घरातच भेटतात.

आयझॅक असिमॉव्हची ‘द फन दे हॅड’ आमच्या पेपरात नाही, पण माझ्या भाचीच्या पुस्तकात होती. एनसीईआरटीच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’मधला तो पहिलाच धडा होता. २१५७ सालची मार्जी घरातल्या यंत्राकडून शिकते. गृहपाठ एका फटीत सारायचा, हे तिला सगळ्यात नावडतं. भूगोल जमेना, म्हणून इन्स्पेक्टर येतो, यंत्र उघडून बघतो आणि त्याचा वेग जरा कमी करून देतो. मग पोटमाळ्यावर सापडलेल्या छापील पुस्तकात ती वाचते, की कोणे एके काळी मुलं एकत्र शाळेत जात, आणि शिक्षक चक्क माणूस असे. असिमॉव्हने १९५१ साली मुलांच्या वर्तमानपत्रासाठी लिहिलेली ही एवढीशी गोष्ट. २०२०च्या जूनमध्ये हा धडा भाचीने मोबाइलच्या पडद्यावर शिकला, कारण शाळा बंद होत्या. नेटवर्क गेलं की शिक्षिकेचा चेहरा तोंड उघडं राहून गोठायचा. ती मला म्हणाली, “मावशी, मार्जीकडे निदान इन्स्पेक्टर तरी यायचा.”

आमच्या कॉलेजातली मुलं तेव्हा कुठे चढून तास ऐकत होती, ते मला नंतर कळलं: गच्चीवर, टेकावर, एक जण तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. मी त्यांना नावांच्या काळ्या चौकटींत बघत होते. त्या दिवसांत मी ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ पुन्हा वाचली. १९०९ची कथा. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात, बटण दाबलं की जेवण, संगीत, बोलणं सगळं तिथेच. त्यातली व्हॅश्टी ही आई व्याख्याती आहे. आरामखुर्चीतून उठल्याशिवाय ती ‘ऑस्ट्रेलियन कालखंडा’तल्या संगीतावर दहा मिनिटं बोलते, श्रोतेही आपापल्या खोलीत. मुलगा म्हणतो, यंत्रातून नको, समोर येऊन भेट. तिला ते विचित्र वाटतं. (हा फॉर्स्टर पुढे १९२१ साली देवासला पवारांच्या गादीवरच्या महाराजांचा खासगी सचिव झाला. ती कथा लिहिली, तेव्हा त्याने भारत पाहिलाही नव्हता.) पण व्हॅश्टीच्या जगाबद्दल माझ्या मुलांची तक्रार मला अपेक्षित नव्हती. जेवण बटणावर मिळतं? मग वाईट काय आहे? शाळा बंद होत्या, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावंडांची खिचडीही वर्गातून उठली होती. शाळेत काय मजा होती, या असिमॉव्हच्या प्रश्नाला ताट हेही एक उत्तर आहे, आणि ते त्या गोष्टीत येत नाही.

उर्सुला ले ग्विनची ‘ओमेलास सोडून जाणारे’ मी मुद्दाम हंगामात घेते. आमचा पट्टा उसाचा. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुरांडी पेटतात आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कॉलेजच्या वाटेवर त्यांच्या कोप्या दिसतात. कथा १९७३ची, तिला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. ओमेलास हे सुखी शहर. राजा नाही, गुलाम नाहीत, सण चालू आहे. फक्त एका तळघरात एक मूल कोंडलेलं आहे, उपाशी, घाणीत. शहराचं सगळं सुख त्याच्या तिथे असण्यावर चालतं. त्याच्याशी एक मायेचा शब्दही बोलायचा नाही. हे लपवलेलं नाही. आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाला ते समजावून सांगतात. बहुतेक जण रडतात, रागावतात आणि हळूहळू राहायला शिकतात. काही थोडे एके दिवशी शहराच्या वेशीतून बाहेर पडतात आणि परत येत नाहीत.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं कारखान्याच्या सभासदांच्या घरची. त्यांना हे कोणाबद्दल आहे ते सांगावं लागत नाही. एक मुलगी लगेच म्हणाली, “आमच्या रानातच असतात ते. आई चहा देते. आम्ही बोलतो त्यांच्याशी.”

“एकाचं तरी नाव माहितेय?” शेजारच्या बाकावरून आलं.

नवरा-बायको मिळून एक कोयता, हा हिशेब वर्गात सगळ्यांना ठाऊक होता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोन माणसांना मिळून एका अवजाराचं नाव द्यायला ले ग्विनची कल्पनाशक्तीही धजावली नसती, असं मी म्हटलं, आणि म्हटल्यावर ते वाक्य मला फार शिक्षकी वाटलं. तेवढ्यात कोयनेच्या विस्थापितांच्या वसाहतीतला एक मुलगा म्हणाला की त्याच्या आजोबांचं गाव शिवसागराच्या पाण्याखाली आहे, आणि मुंबईचे दिवे त्याच पाण्यावर लागले. तो तक्रार करत नव्हता. वर्गात आणखी कोण तळघरातलं आहे, याची जणू नोंद करत होता.

मग निघून जाणाऱ्यांवर वाद पेटला. पुस्तकी उत्तर त्यांना थोर म्हणतं. वर्ग म्हणेना. निघून जाऊन मुलाची सुटका झाली का? जायला कुणाकडे पैसे असतात? कोप्यांतली माणसंही दरवर्षी गाव सोडून निघतात, ते कोणत्या वेशीतून? अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिनने २०१८च्या आपल्या संग्रहात ले ग्विनला कथेतूनच उत्तर दिलं आहे. तिथे लोक निघून जात नाहीत, राहतात आणि झगडतात. मी तिचं नाव घेतलं, तेव्हा तोच वाद वर्गात आधीच होऊन गेला होता.

कधीतरी कुणी विचारतं, असल्या कथा मराठीत नाहीत का? नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने लिहिणारे घडवले, ते खरं. पण माझं बोट दुसऱ्याच फळीवर जातं. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाणीचं काम सुटलं म्हणून मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढतो, त्यात बोटं गमावतो, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. बाबुराव बागुलांचा संग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. ती उघड झाल्यावर त्याला मारणारी माणसं त्याच्या ओळखीची असतात, डेलाक्रॉयबाई टेसीच्या असतात तशीच. या कथांना पुढच्या शतकात जावं लागलं नाही. ब्रॅडबरी-व्हॉनेगट यांना आपला वाचक सुखवस्तू आहे हे गृहीत धरून, त्याला उद्याच्या भीतीने हलवावं लागतं. आमच्या वर्गातल्या काही बाकांवर तो उद्या आजोबांच्या वेळचा असतो. दोन्ही तऱ्हेचे वाचक एकाच खोलीत, एकाच हजेरीपटावर बसलेले असतात, म्हणून मला या कथा घरी वाचण्यापेक्षा वर्गात वाचायला जास्त आवडतात. घरी प्रत्येक जण टेसीच असतो.

अंतर्गत चाचणीला मी थीम विचारत नाही. गेल्या खेपेचा प्रश्न होता: ओमेलासमध्ये मागे राहिलेल्याने, शहर सोडून गेलेल्या शेजाऱ्याला पत्र लिहा. बऱ्याच पत्रांत पश्चात्ताप होता, जुलमी समाज होता, गाईडमधली दोन वाक्यंही होती. एकाचं पत्र मात्र अर्धंच पान. इंग्रजी मोडकंतोडकं. तुम्ही गेलात, बरं केलंत, असं त्याने लिहिलं होतं. तुमच्या दाराला आम्ही कुलूप लावलं आहे, झाडांना पाणी घालतो. पोरं विचारतात, त्यांना आम्ही सांगितलंय की तुम्ही आजारी होतात. पण सणाची वर्गणी ठरली आहे आणि तुमच्या घरचा वाटा आता कुणाकडे मागायचा, ते कृपया लवकर कळवावं, कारण बाकीच्यांवर बोजा पडतो आहे. खाली सही, आणि ताजा कलम: तळघराची सफाई करायची पाळी या महिन्यात तुमची होती.

कथेत अशी पाळी कुठे नाही. ती त्याने स्वतः घातली. व्याकरणाचे मार्क कापायला मी तांबडा पेन उचलला होता, तो तसाच ठेवून आधी पुढचा गठ्ठा तपासला.